उंबऱ्यातून दिसणारा टीव्ही

देऊळगाव राजा
९ जानेवारी २०११

साडभाऊ रंगराव यांस, वामनरावचा सप्रेम नमस्कार.

पाकीट पाहून कपाळाला आठ्या घालू नका. फोन माझ्याकडेही आहे. पण तुम्हाला फोन लावला की विचारायचं तुम्हाला आणि मागून उत्तरं द्यायची अन्नपूर्णानं. मग सल्ला साडभाऊंनी दिला की मेव्हणीनं, हे शेवटपर्यंत कळत नाही. शिवाय मी उभा जन्म टपाल खात्यात काढला. मीच पत्र लिहिलं नाही, तर पोस्टमनच्या पिशवीत विम्याच्या नोटिसांशिवाय राहणार काय?

तर विषय टीव्हीचा. तुमच्या ओसरीवर एलसीडी लागल्याची बातमी मोताळ्याहून आलेल्या तिघांनी मला दिली. एक म्हणाला भिंतीएवढा आहे. दुसरा म्हणाला दाराएवढा. तिसऱ्याला तुमच्याकडे चहा मिळाला नव्हता, तो म्हणाला खिडकीएवढा. माझा तिसऱ्यावर विश्वास आहे.

आमचा जुना डबा आता चित्र दाखवायच्या आधी बराच वेळ विचार करतो. आमच्या ज्ञानेश्वरला नवा हवा आहे. खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा, लग्न झालेला माणूस. पण कुलूप लावून घरी आला की टीव्हीला ते खेळाचं यंत्र जोडतो आणि बसल्या जागी दोनशेच्या वेगानं मोटार पळवतो. त्याला पेट्रोल लागत नाही, एवढंच बापाचं समाधान. जालन्याचा दुकानदार म्हणतो, बाजारात दोन जाती आहेत, प्लाझ्मा आणि एलसीडी. तुम्ही एका जातीचे मालक, म्हणून विचारतो.

खरं कारण मात्र ज्ञानेश्वरच्या आईचं, मनकर्णाचं आहे. मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तुमच्याकडे आहेत, हे उत्तमच. पण आपल्या या सासूबाईंचा बाणा तुम्हाला ठाऊक आहे. ऐंशी ओलांडली, पोटी दोन लेकीच, तरी "लेकीच्या घरी राहाले नाही, टीव्ही पाहाले आली" असं त्या प्रत्येकाला सांगतात, आणि वरवट बकालच्या रिकाम्या घराची किल्ली अजून त्यांच्या कमरेला आहे. एक दिवस त्या उठून तिकडे एकट्या जातील, या भीतीनं मनकर्णाला जेवण जात नाही. तेव्हा टीव्ही कसा आहे, आणि मामी त्याच्यापुढे रमल्या का, हे दोन्ही कळवा.

आपला,
वामनराव


मोताळा
१८ जानेवारी २०११

वामनराव साडभाऊ यांस, रामराम.

टीव्ही खिडकीएवढा नाही, खिडकीपेक्षा मोठा आहे. चहाचं म्हणाल तर त्या माणसाला आम्ही दोनदा विचारलं होतं. तो "राहू द्या" म्हणाला, आम्ही राहू दिला.

डोळे मिटून एलसीडी घ्या. वजनाला हलका, मी आणि आमच्या सालदारानं मिळून टांगला. विजेला कमी. आमच्या ओसरीवर दुपारी केवढा उजेड असतो, तरी चित्र टवटवीत. प्लाझ्मा म्हणजे निव्वळ आरसा, बातम्या लावल्या तर त्यात आपलंच तोंड दिसते. क्रिकेटमध्ये चेंडूला जराशी शेपटी फुटते, पण चेंडू कुठून आला ते त्यामुळं समजते.

आता मामींचं. त्या सुखात आहेत, फक्त टीव्हीवर नाराज आहेत. जावयासमोर त्या कधी बसल्या नाहीत, हे तुम्ही तुमच्या लग्नापासून पाहता. मी टीव्हीसमोर बंगईवर झोके घेत; त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, डोक्यावर पदर घेऊन, टीव्हीला पार आडव्या. आणि एलसीडीची खोड अशी की तो समोरूनच पाहावा, बाजूनं चित्र काळवंडते. परवा मालिकेत लग्न चालू होतं. सारे कसे गोरेगोमटे, दागिन्यांनी मढलेले. मामी उंबऱ्यातून अन्नपूर्णाला म्हणतात, "काव अन्नपूर्णे, हे वऱ्हाड कापूस येचून सीधं मांडवात आलं का? नवरा काळा, नवरी काळी. अन् लगन अमावास्येले काऊन लावून राह्यले?"

"आई, तू समोर येऊन बस ना."

"जावयाम्होरं? डोळे आले म्हणून लाज गेली का मायी?"

डॉक्टरनं डोळे काय अंधार पाहाले दिले, असं विचारतात. कालपासून बोचकं बांधून ठेवलं आहे. वरवटले जातो म्हणतात. मी दुकानदाराला फोन करून उपाय विचारला. तो म्हणाला, बाईंना समोर बसवा. एवढी अक्कल तर मलाही होती.

आपला,
रंगराव

ता. क. काही झालं तरी प्लाझ्मा घेऊ नका.


देऊळगाव राजा
६ फेब्रुवारी २०११

रंगराव साडभाऊ यांस, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची फार मदत झाली. प्लाझ्मा घेतला.

जालन्याच्या दुकानात दोन्ही जाती शेजारी शेजारी टांगल्या होत्या आणि दोन्हीवर एकच मासा पोहत होता. ज्ञानेश्वर आपलं यंत्र पिशवीत घालून घेऊन आलेला. त्यानं दोन्हीवर मोटार चालवली आणि निकाल दिला, की एलसीडीवर वळण घेताना झाडं फिसकटतात, प्लाझ्मावर झाड झाडच राहतं. एवढ्या बारकाईनं त्यानं कधी दुकानाचा माल तपासला असता तर मी आज निश्चिंत असतो. पण निकाल त्याचा नव्हताच. मनकर्णा आत आली, टीव्हीसमोर उभीसुद्धा राहिली नाही, सरळ कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाजवळ गेली आणि डोक्यावर पदर घेऊन खाली बसली. दुकानदार घाबरला. "ताई, इकडं या, इथून बघा. तिथून कोणी बघत नसतं."

"माझी आई तिथूनच बघणार आहे," मनकर्णा म्हणाली.

माठाजवळून एलसीडीतला मासा काळा पडला. प्लाझ्मातला नारिंगीच राहिला. व्यवहार संपला.

जड आहे, कबूल करतो. चार माणसं लागली. चालू झाला की काच तापते. हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटतं. आरशाची भीती मला नाही, कारण आमच्या माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. दुकानदारानं निघताना एक बजावलं: पडद्यावर एकच चित्र फार वेळ थांबवून ठेवू नका, डाग पडतो. मी म्हणालो, आमच्या घरात थांबलेली एकच गोष्ट होती, माझी बढती; ती निवृत्तीबरोबर सुटली.

माझी आरामखुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर मांडली आहे. मामींना पाठवा. राहायला या म्हणू नका. वर्ल्डकप आहे, पाहायला या म्हणावं.

आपला,
वामनराव


मोताळा
१५ फेब्रुवारी २०११

वामनराव साडभाऊ यांस, रामराम.

उद्या सकाळच्या जीपनं मामी निघतील. अन्नपूर्णा सोबत येऊन सोडून जाईल. ती चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा आमच्याकडे भांडी फार बोलतात.

मी काही कमी प्रयत्न केले नाहीत. मामी परवा म्हणाल्या, "टीव्ही चांगला हाय जावईबापू, जागा वाईट हाय." मी तसाच उठलो, सालदाराला हाक मारली, टीव्ही काढून पूर्वेच्या भिंतीवर टांगला आणि बंगईही कड्यांसकट तिकडं हलवली. म्हणजे जागा पूर्ण बदलली. मामी दुसऱ्या दारात जाऊन बसल्या, तरी चित्र काळंच. आता माणसानं करावं काय?

असो. बाजूनं दिसणारा टीव्ही आणून सासू पळवणारे जावई या जिल्ह्यात तुम्हीच पहिले. त्यांना सकाळचा चहा गुळाचा लागतो, आणि तो मागायची सवय नाही. न मागता द्यावा.

आपला,
रंगराव


देऊळगाव राजा
२२ एप्रिल २०११

रंगराव साडभाऊ यांस, सप्रेम नमस्कार.

पत्राला उशीर झाला. घरात आता लिहिण्याएवढी शांतता नसते.

मामी रमल्या. उंबऱ्यात पोतं अंथरून बसतात आणि तिथून सगळं दिसतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आतल्या भांड्याकुंड्यांना मोठ्यानं सांगितलं. म्हणजे ते मला होतं. वर्ल्डकप त्यांनी पूर्ण पाहिला. आपले कोण आणि परके कोण हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, जो बाद होई त्याच्या आईसाठी हळहळल्या. लोडशेडिंग संपून ट्यूब फडफडली की घरातून पहिला आवाज त्यांचाच: "लाईन आली, लावा!" वीज असताना बंद टीव्ही त्यांना पाहवत नाही. गाय दारात उभी आहे आणि कोणी धार काढत नाही, असं त्यांना वाटतं.

ज्ञानेश्वरच्या मोटारीवर तर त्या कंडक्टर आहेत. "ज्ञाना, हळू बे! म्होरून ढोरं आले तर?"

"आजी, या रस्त्यावर ढोरं नाहीत."

"रस्ता हाय अन् ढोरं नाही? मंग हा रस्ता कोन्या गावचा हाय, बापा?"

एकदा त्याची मोटार कठडा तोडून दरीत पडली. मामींनी मीठमोहऱ्या आणून त्याच्यावरून ओवाळल्या. तेव्हापासून तो शर्यत हरत नाही, किंवा त्यांना सांगत नाही.

एक गोष्ट मात्र लिहावी की नाही कळत नाही. मी बाहेर गेलो की त्या माझ्या आरामखुर्चीत बसतात, असा मला संशय आहे. आल्यावर खुर्चीत शेंगांची फोलं सापडतात. आमची सून पूनम नुसती हसते. तिनं म्हणे त्या खुर्चीतला आजीचा फोटोही मोबाईलवर काढला आहे, पदर खांद्यावर, हातात खेळाचा रिमोट. मी आपली खुर्ची झटकतो आणि बसतो. माणसाचं मन मोठं पाहिजे.

अन्नपूर्णाला सांगा, वरवटची किल्ली आता त्यांच्या कमरेला नसते. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली आहे. आपण होऊन टांगली.

आपला,
वामनराव


मोताळा
२४ जुलै २०११

वामनराव साडभाऊ यांस, रामराम.

तेरवी आटोपून आम्ही सुखरूप पोचलो. सोयाबीनमध्ये डवरणी राहिली होती, म्हणून घाईनं निघालो, राग मानू नये.

मामी सकाळी चहा ठेव म्हणाल्या आणि चहा होईपर्यंतही थांबल्या नाहीत. असं जाणं कोणाला मिळते? मी हेच अन्नपूर्णाला सांगतो. ती म्हणते, तुम्हाले सोपं आहे.

एक विचारायचं राहिलं. फोटो टीव्हीवर लावायची कल्पना कोणाची? पाटावर फोटो, त्याला हार, समोर दिवा, हे आम्ही पाहिलं आहे. तुमच्याकडे भिंतीवरच्या टीव्हीलाच झेंडूचा हार आणि आत एवढ्या मोठ्या मामी, तोंडभर हसणाऱ्या. दुखवट्याला येणारा माणूस हात जोडायचा, डोळे पुसायचा आणि उठता उठता विचारायचा, "किती इंची?" तुम्ही प्रत्येकाला खालच्या आवाजात, पण बरोबर उत्तर देत होते, हे मी पाहिलं.

अन्नपूर्णाकडे आईचा एक फोटो नाही. साऱ्या लग्नांच्या अल्बमात पदर तेवढा आला आहे. हा एक छापून पाठवा.

आपला,
रंगराव


देऊळगाव राजा
७ ऑगस्ट २०११

रंगराव साडभाऊ यांस, सप्रेम नमस्कार.

फोटो सोबत आहे. पूनमनं मोबाईलवर काढलेला तोच.

टीव्हीवर का लावला ते ऐका. पहिल्याच दिवशी तो फोटो मोठा करायला स्टुडिओत दिला. स्टुडिओवाला म्हणाला, हसता फोटो दुखवट्याला शोभत नाही, कॉम्प्युटरवर तोंड मिटून देतो. फ्रेम आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं, अंगावर भरजरी शालू होता आणि मागे काश्मीर. मनकर्णानं पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी आई नाही. ही कोण्या आमदाराची आई आहे." फ्रेम परत गेली. तोवर ज्ञानेश्वरनं खरा फोटो टीव्हीवर लावला होता, तोच तेरवीपर्यंत राहिला, सकाळपासून निजानीजेपर्यंत. लाईट जायची तेव्हा भाड्यानं आणलेल्या इन्व्हर्टरवर. जालन्याचा दुकानदार काय म्हणाला होता ते त्या गर्दीत कोणाला आठवणार?

तुम्ही गेल्यावर हार काढला, दिवा हलवला, बातम्या लावल्या. मामी तिथेच. बातम्या देणारी मुलगी बोलते आहे आणि तिच्यातून आरपार मामी, हातात रिमोट घेऊन. चॅनल बदललं. कसोटी सामन्यात त्या खेळपट्टीवर बसल्या होत्या. ज्ञानेश्वरची मोटार त्यांच्या पदरातून जाते. त्यानं वेग कमी केला आहे.

डाग पडला. आणि तो उलटा पडतो, असं कारागीर सांगून गेला: जिथं चित्र उजळ होतं तिथली काच दमते, म्हणून तो भाग काळा दिसतो. मामींचे पांढरेशुभ्र केस टीव्हीत काळेभोर झाले आहेत. मनकर्णा पाहते आणि म्हणते, मी शाळेत जायचे तेव्हा आई अशी होती.

माझी अडचण निराळी आहे. ज्या बाईनं जन्मात जावयाकडे मान वर करून पाहिलं नाही, ती आता माझ्याच खुर्चीत बसून थेट माझ्याकडे पाहते आहे. मी पेपर वाचतो असं दाखवतो.

आपला,
वामनराव


मोताळा
३० ऑगस्ट २०११

वामनराव साडभाऊ यांस, रामराम.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली.

अन्नपूर्णानं छापील फोटो पाहिला, डोळ्याला लावला आणि ट्रंकेत ठेवला. म्हणाली, "यात आई म्हातारी आहे. मले काळ्या केसांची पाहिजे." आठ दिवस झाले, तिचं दुसरं म्हणणं नाही. म्हणून स्पष्टच लिहितो. तुमचा डाग पडलेला टीव्ही आम्हाला द्या. माझा एलसीडी घ्या, कोरा करकरीत आहे. वर बंगई देतो, सागवानी आहे. आई शेवटी तुमच्याकडे होती, तेवढं तुम्हाला मिळालं. आता हे आमच्याकडे असू द्या.

आणखी एक गोष्ट ती बोलली, ती माझ्या पचनी पडत नाही म्हणून तुम्हाला पाठवतो. काल मी तिला समजावत होतो, की मामी इथून तुमच्याकडे गेल्या त्या टीव्हीच्या दोषानं. एलसीडी बाजूनं दिसत नाही याला मी काय करणार? ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुम्ही दोघं साडभाऊ वर्षभर पत्रं लिहून राह्यले, प्लाझ्मा का एलसीडी. तुमच्यातला एक जण उठून बाहेर जाऊन बसला असता तर आई समोर नसती का बसली?"

मी बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

आपला,
रंगराव


देऊळगाव राजा
१८ सप्टेंबर २०११

रंगराव साडभाऊ यांस, सप्रेम नमस्कार.

मलाही सापडलं नाही. तुमच्या पत्राचं ते पान मी मनकर्णाला वाचून दाखवलं नाही. शेंगांच्या फोलांचा अर्थ मात्र मला आता लागला. तो लागला नसता तर बरं झालं असतं.

टीव्हीचं अवघड आहे. तुमचा निरोप मनकर्णाला सांगितला. ती म्हणाली, "आई माझ्या घरून गेली. माझ्याच घरी राहील." त्यात कारागीर म्हणाला होता तसं होऊ लागलं. हलती चित्रं जसजशी चालतात तसतसा डाग विरतो. आधी रिमोट गेला, मग पदराचा काठ गेला. मनकर्णाच्या हे लक्षात आलं त्या दिवशी तिनं टीव्ही बंद केला आणि त्यावर रुखवतातला भरतकामाचा रुमाल टाकला. आता लावायचा नाही. लावला की आई पुसली जाते.

म्हणजे घरातला सर्वांत मोठा टीव्ही पाहायचा नाही म्हणून ठेवला आहे. पूनमच्या मालिकेत कोणाचं तरी लग्न अर्ध्यावर थांबलं आहे. ज्ञानेश्वर संध्याकाळी दुकानातली खतांची पत्रकं वाचतो; मला त्याची काळजी वाटते. लाईट येते, ट्यूब फडफडते. सगळे रुमालाकडे पाहतात.

बहिणी बहिणी फोनवरही बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आपला,
वामनराव


मोताळा
७ ऑक्टोबर २०११

वामनराव साडभाऊ यांस, रामराम.

अन्नपूर्णा सोमवारच्या बसनं निघते. तुमच्या गावच्या बालाजीच्या यात्रेला म्हणते. मीही तसंच समजतो. पण दर्शनाला जाणाऱ्या बाईनं दोन जाड गोधड्या आणि सुतळीचा गुंडा बरोबर घेतला आहे, एवढं तुमच्या कानावर असावं. जीपवाल्याशीही ती बोलून बसली आहे. तिनं बोलावलं की तो तिकडं येईल.

मला सोयाबीनची सोंगणी सोडून येता येत नाही. खरं म्हणजे येता आलं असतं. दोघींच्या मधे उभं राहायची माझी हिंमत नाही. तुमची आहे असं समजतो.

प्लाझ्मा आडवा नेऊ नये, उभाच न्यावा, असं ऐकलं. काच फुटते.

आपला,
रंगराव


देऊळगाव राजा
३० ऑक्टोबर २०११

रंगराव साडभाऊ यांस, सप्रेम नमस्कार.

हिंमत माझीही नव्हती. मी आरामखुर्चीत बसून होतो, आणि ते उभं राहण्यापेक्षा सोपं नव्हतं.

अन्नपूर्णा आली ती दर्शन घेऊनच आली. मनकर्णाच्या हातावर प्रसाद ठेवला, आणि गोधड्या माजघरात टीव्हीखाली. लाईट गेलेली होती, म्हणून कंदील लावला होता. मग अन्नपूर्णानं रुमाल काढला. बंद प्लाझ्मा म्हणजे आरसा, हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, ते खरं आहे. काळ्या काचेत दोघी दिसत होत्या. दोघींचे केस पांढरे. दोघींनी एकाच वेळी पदर सारखा केला.

"कुठी हाय आई?" अन्नपूर्णानं विचारलं.

"लावल्यावर दिसते."

"मंग लाव."

"लावला की जाते ती. थोडी थोडी जाते. म्हणून ठेवला आहे झाकून."

"झाकून ठेवली तू तिले?" अन्नपूर्णा म्हणाली. "अंधारात, एकटीले? मंग वरवटचं घर काय वाईट होतं, ताई?"

मी किल्लीकडे पाहिलं. ती खिळ्यालाच होती. आणि तेवढ्यात ट्यूब फडफडली. साडभाऊ, खोटं सांगत नाही, दोघी एका आवाजात म्हणाल्या, "लाईन आली, लावा!" आवाज दोघींचाही नव्हता.

ज्ञानेश्वर दुकानातून आलेलाच होता, त्यानं लावला. कुठल्याशा मालिकेत लग्न चाललं होतं. मामी मांडवाच्या मधोमध, फिकट. पण केस अजून काळे. अन्नपूर्णा उठली, काचेजवळ गेली आणि तळहात ठेवला. तिथेच ठेवून म्हणाली, "गरम हाये वो, ताई."

मनकर्णाही गेली. दोघी हात लावून उभ्या राहिल्या. मांडवातलं वऱ्हाड त्यांच्या बोटांमधून अक्षता टाकत होतं.

मी खुर्चीतून उठलो. सासूबाई समोर, दोन्ही लेकी त्यांच्यापुढे, आणि मधे मी पाय पसरून; कसं दिसलं असतं? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मामींचं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. ते अंथरलं आणि बसलो. खुर्चीत अन्नपूर्णा बसली, तिच्या पायाशी मनकर्णा. शेंगा निघाल्या. ज्ञानेश्वरनं मोटार सुरू केली, आणि दोघी मावशी-आई मिळून त्याला ढोरांची भीती घालू लागल्या.

त्यानंतर टीव्ही रोज चालला. गोधड्या अंथरायला लागल्या. मामी रोज थोड्या थोड्या जात होत्या, सगळ्यांच्या देखत, लाईट असेपर्यंत. लक्ष्मीपूजनाला चेहरा नव्हता, केस तेवढे होते. काल तेही मला दिसले नाहीत. अन्नपूर्णा म्हणते तिला दिसतात. असतील, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

जीपवाल्याला तिनं बोलावलं नाही. उद्या बसनं निघते आहे. गोधड्या इथेच राहू दे म्हणाली. पुन्हा येईन तेव्हा लागतील.

खुर्ची रिकामी झाली आहे, पण मी अजून उंबऱ्यातच बसतो. चित्र इथूनही स्वच्छ दिसतं. मामी बोलल्या त्यात अतिशयोक्ती नव्हती.

तुमचा एलसीडी बाजूनं काळवंडतो, हे मी विसरलेलो नाही. तरी अन्नपूर्णा घरी पोचेल त्या संध्याकाळी बंगई तिला द्या, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून पाहा. नवरी काळी दिसली, तर दिसू द्या.

आपला,
वामनराव